दोष व्हॉल्व्हचा नव्हता

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत दादांची सून एक जड खोका घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "काका, बाबांचा हा अँप्लिफायर. भंगारवाल्याला द्यायचं जिवावर आलं, म्हणून आणला. बंदच आहे म्हणा. व्हॉल्व्ह गेलाय त्याचा." एवढे बोलून, चहा घेऊन ती गेली. खोका आठ दिवस तसाच ओसरीवर पडून होता. उघडायचा धीर होत नव्हता.

दादा म्हणजे माझे सख्खे भाऊ नव्हेत. तारखात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ आमच्या गावात सगळ्यांचेच दादा होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. तिथे टेलिफोनच्या तारा मुक्या झाल्या असताना देशभरातून आलेल्या हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, निरोपांची ने-आण केली. ते वाचून मी त्रेचाळिसाव्या वर्षी दादांकडे मोर्स शिकायला गेलो. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेला, शाळेत इतिहास शिकवणारा मास्तर. वीज म्हणजे बटण दाबल्यावर येते ती, एवढेच माझे ज्ञान. दादांनी मला कड्-कट् पासून सुरुवात करून परीक्षेला बसवले आणि परवाना मिळेपर्यंत पिच्छा सोडला नाही. १५ जुलै २०१३ पासून देशातली तारसेवा बंद झाली, तेव्हा दादा म्हणाले होते, "सरकारची तार थांबली मास्तर, आपली चालू आहे."

ती पुढे थांबली. शेवटची दोन वर्षे दादा हवेवर आलेच नाहीत. (आम्ही हॅम मंडळी रेडिओवर येण्याला 'हवेवर येणे' म्हणतो.) कारण हेच की अँप्लिफायरचा व्हॉल्व्ह गेला होता. नवा परदेशातून मागवायचा तर किंमत पेन्शनरच्या आवाक्याबाहेरची. नुसत्या शंभर वॅटच्या सेटवर त्यांच्या कमी ऐकू येणाऱ्या कानांना आणि पलीकडच्या तितक्याच म्हाताऱ्या कानांना काही जमेना. मी त्यांना काय म्हणालो ते मला लख्ख आठवते आहे. "दादा, वय झालं. आता सोडा हा नाद." त्यावर ते काही बोलले नाहीत.

तर असा हा खोका. नवव्या दिवशी उघडला.

आत दादांनी स्वतः जुळवलेला अँप्लिफायर होता. त्यात एकच मोठा काचेचा व्हॉल्व्ह, ३-५००झेड जातीचा. आकाराने आपल्या जुन्या कंदिलाच्या काचेएवढा. वरच्या टोकाला प्लेटची जोडणी आणि खाली पाच पिना. त्यातल्या दोन पिनांमधून फिलामेंटला म्हणजे आतल्या तारेला वीज जाते आणि मधल्या तीन पिना ग्रिडच्या. या तारेला लागतात फक्त ५ व्होल्ट, पण विजेचा प्रवाह किती, तर १४.५ अँपिअर! आपल्या घरात गिझर चालतो त्याहून जास्त प्रवाह बोटाच्या पेराएवढ्या दोन पिनांमधून सतत जातो. वर प्लेटला अडीच-तीन हजार व्होल्ट असतात ते वेगळेच. त्यामुळे हे यंत्र उघडताना माणूस चुकला तर दुसरी संधी नसते. प्लग काढायचा, कपॅसिटर रिकामे होऊ द्यायचे आणि तरीही लाकडी दांड्याला बांधलेली, जमिनीशी जोडलेली तार टेकवून खात्री करायची, हे दादांनी माझ्याकडून धड्यासारखे पाठ करून घेतले होते.

खोक्यात त्यांची वहीही होती. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात नोंदी होत्या. 'सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटे ठीक. मग शक्ती उतरते. फिलामेंट तांबूस दिसते.' त्याखाली: 'दाखवला. व्हॉल्व्ह गेला म्हणतात.' ज्यांना दाखवला त्यांचा तरी काय दोष? मंद जळणारा व्हॉल्व्ह पाहिला की कुणीही तेच म्हणेल. मीही मान डोलावलीच होती की.

पण या खेपेला मला ती पहिली ओळ खटकली. पहिली दहा मिनिटे ठीक. अहो, व्हॉल्व्ह म्हातारा झाला असेल तर तो पहिल्या मिनिटालाही म्हाताराच असायला हवा! थंड असताना चांगला आणि तापल्यावर वाईट, याचा अर्थ तापल्यावर काहीतरी बदलते. काय बदलते हे कळायला मला माझ्याच विषयाकडे जावे लागले. इतिहासाच्या मास्तराला दुसरे काय येते?

इतकी वर्षे मी वर्गात १९४२ चा काँग्रेस रेडिओ शिकवला. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत, ऑगस्टपासून नोव्हेंबरमध्ये पकडले जाईपर्यंत तो कसा चालवला, हे सांगताना मला स्वतःला भरून यायचे. पण त्या ट्रान्समीटरच्या पोटात व्हॉल्व्ह होते, ते तापत असतील, दर वेळी उचलून नेताना ते सॉकेटमध्ये हलत असतील, हा विचार एकदाही मनात आला नव्हता. इतिहासाच्या पुस्तकात माणसे असतात, पिना नसतात.

व्हॉल्व्हची गोष्ट सुरू होते ती दिव्यापासून. १८८० च्या सुमारास एडिसन आपल्या दिव्यांशी झगडत होता. काचेच्या आतून काळा थर साचायचा. त्याचे कारण शोधताना त्याने दिव्यात एक जादा पट्टी बसवली, तेव्हा तापलेल्या तारेकडून त्या पट्टीकडे पोकळीतूनच वीज वाहते असे दिसले. त्याचे त्याने पेटंट घेतले आणि तो पुढच्या उद्योगाला लागला. तीच गोष्ट हाताशी धरून इंग्लंडमध्ये फ्लेमिंगने १९०४ साली दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला आणि अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६-०७ मध्ये त्यात तिसरे टोक, म्हणजे ग्रिड, घातले. इथपर्यंत सगळ्या पुस्तकांत असते.

पुस्तकांत जे चटकन मिळत नाही ते असे, की काचेच्या बंद फुग्यात वीज न्यायची कशी? धातूची तार काचेतून आत घालावीच लागते. तार तापली की फुगते, काचही फुगते, पण दोघी सारख्या फुगत नाहीत. एक जास्त फुगली की काचेला तडा, हवा आत, खेळ खलास. सुरुवातीच्या दिव्यांत यावर एकच उपाय होता, प्लॅटिनम. या धातूचे फुगणे काचेच्या फुगण्याशी जवळपास जुळते. म्हणजे बघा, गोरगरिबांच्या घरी उजेड न्यायला निघालेल्या दिव्याच्या बुडाशी सोन्याच्या तोलाचा धातू! त्यातून सुटका व्हायला तीसेक वर्षे लागली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निकेल-लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याचे वेष्टण घातलेली 'ड्युमेट' नावाची तार आली, तेव्हा कुठे दिवे आणि रेडिओचे छोटे व्हॉल्व्ह स्वस्त झाले.

पण छोट्यांचे भागले तरी मोठ्यांचे भागेना. ट्रान्समीटरचा व्हॉल्व्ह शेकडो वॅट उष्णता ओकतो. तांबे वापरावे तर ते काचेपेक्षा कितीतरी जास्त फुगते. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या हाउसकीपर नावाच्या माणसाने यावर जो तोडगा काढला तो वाचून मी मनोमन त्याला नमस्कार केला. त्याने तांब्याची कड वस्तऱ्याच्या पात्यासारखी पातळ केली आणि ती काचेत बसवली. आता तांबे फुगले तरी ती पातळ कड वाकते, नमते घेते आणि काचेला तडा जाऊ देत नाही. या सांध्यामुळेच पाण्याने थंड ठेवायचे मोठे व्हॉल्व्ह करता आले आणि मोठी प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. पुढे १९३० च्या दशकात लोखंड, निकेल आणि कोबाल्टचा 'कोव्हार' हा मिश्रधातू आला. तो मुद्दाम कठीण काचेशी जुळेल असाच घडवलेला होता.

यानंतरचा भाग आम्हा हॅम लोकांच्या घरचा आहे. कॅलिफोर्नियात बिल आइटेल आणि जॅक मॅकलॉ हे दोन तरुण हौशी रेडिओवाले हाइन्ट्झ अँड कॉफमन या छोट्या कंपनीत व्हॉल्व्ह बनवत. मोठ्या कंपन्यांच्या हाती पेटंट आणि बाजार दोन्ही असल्याने या कंपनीला आपले व्हॉल्व्ह आपणच करणे भाग पडले होते. १९३४ साली या दोघांनी बाहेर पडून सॅन ब्रुनो इथे स्वतःचा कारखाना काढला. दोघांच्या आडनावांतून त्याचे नाव पडले आयमॅक. त्यांचा पहिला व्हॉल्व्ह १५०टी. आत प्लेटला टँटलम धातू वापरलेला. तो तापला की उरलासुरला वायू शोषून घेतो. त्यांचे सुरुवातीचे गिऱ्हाईक कोण? त्यांच्यासारखेच हॅम. आणि हॅम म्हणजे हाती आलेला व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत पिदडणारी जात! त्या छळातून जे तगले तेच दुसऱ्या महायुद्धात रडारला उपयोगी पडले आणि कारखान्यात मूठभरांच्या जागी हजारो माणसे कामाला लागली. १९६५ साली ही कंपनी व्हॅरियनमध्ये विलीन झाली. ३-५००झेड हे याच घराण्यातले अपत्य. पुढे इतर कारखान्यांनीही त्या जातीचे व्हॉल्व्ह काढले.

युद्धाचाच आणखी एक प्रसंग सांगतो, कारण मला वाट दाखवली ती त्याने. लंडनच्या डॉलिस हिल इथे पोस्ट खात्याच्या संशोधन केंद्रात टॉमी फ्लॉवर्स नावाचे अभियंते होते. (पोस्ट-तार खात्याचा माणूस! दादांना हे सांगायला हवे होते.) जर्मन सांकेतिक संदेश उलगडायला त्यांनी 'कोलोसस' नावाचे यंत्र योजले, सुमारे १६०० व्हॉल्व्हचे. जाणकारांनी ते वेड्यात काढले. एवढे व्हॉल्व्ह एकाच वेळी चालू राहणे शक्यच नाही, एक ना एक जळणारच, अशी सर्वांची खात्री होती. फ्लॉवर्स यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वर्षानुवर्षे व्हॉल्व्ह वापरले होते. त्यांचे म्हणणे साधे होते. व्हॉल्व्ह मरतो तो चालण्याने नव्हे, सारखा चालू-बंद करण्याने. एकदा चालू केलेत की बंद करू नका. १९४४ च्या सुरुवातीला यंत्र ब्लेचली पार्कमध्ये कामाला लागले आणि चालले. तापणे, निवणे, पुन्हा तापणे, त्या प्रत्येक फेऱ्यात तार आणि सांधे ताणले जातात, हे त्यांना अनुभवाने कळले होते. बाकीच्यांनी व्हॉल्व्हला नावे ठेवली, त्यांनी वापरण्याची रीत बदलली.

हे सगळे वाचून होईपर्यंत माघ उजाडला. मला एवढे कळले की व्हॉल्व्हचा इतिहास हा मुळात सांध्यांचा इतिहास आहे. आतल्या सांध्यांची काळजी थोरामोठ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिली. पण सगळ्यात बाहेरचा सांधा, म्हणजे पिन आणि सॉकेट यांचा, तो मात्र वापरणाऱ्यावर सोडलेला आहे. त्याची काळजी कोणी घेतली होती? कोणीच नाही.

आता तपासणी. दादांनी फिलामेंटला वेगळा ट्रान्सफॉर्मर आणि वेगळे बटण ठेवले होते, हे त्यांचे शहाणपण. मी उच्च दाबाचा सगळा भाग प्लग काढून, तारा सोडवून निकामी केला. फक्त ब्लोअर आणि फिलामेंट चालू केले. ट्रान्सफॉर्मरच्या टोकांवर मीटर लावला: ५ व्होल्ट. उत्तम. मग सॉकेटच्या खालच्या बाजूने, सॉकेटची पाकळी आणि तिच्यात बसलेल्या पिनेचे टोक यांच्यामध्येच मीटर लावला. चांगल्या जोडणीत इथे जवळपास शून्य यायला हवे. एका पिनेवर तसेच आले. दुसरीवर काटा हलला आणि दहा मिनिटांनी ०.३ व्होल्टवर जाऊन थांबला. वर पाहिले तर फिलामेंट तांबूस.

०.३ व्होल्ट म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. गणित मांडून पाहा. ०.३ गुणिले १४.५, म्हणजे सव्वाचार वॅटहून थोडी जास्त उष्णता, आणि ती सगळी एका पिनेच्या त्वचेवर. विरोध म्हणाल तर एका ओहमचा जेमतेम पन्नासावा भाग. साधा मीटर ओहमवर लावला तर तो दिसणारही नाही. म्हणूनच चालू स्थितीत व्होल्ट मोजावे लागतात. आणि हे दुखणे स्वतःच स्वतःला वाढवते. जोडणी सैल, म्हणून पिन तापते. तापली म्हणून काळी पडते, पाकळीची स्प्रिंग मऊ होते. मग विरोध वाढतो, आणि आणखी तापते.

पुढचे मला बाहेर काढल्यावर दिसले. व्हॉल्व्ह पूर्ण निवू दिला, कपड्यात धरून सरळ वर उचलला. एक पिन काळीनिळी. काचेतून आलेली काडी पोकळ पिनेत घालून टोकाशी सोल्डरने पक्की केलेली असते. तिथे सोल्डर नव्हतेच! सॉकेटच्या तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा चकचकीत गोळा पडला होता. म्हणजे आता एक नव्हे, दोन सांधे आजारी होते. एक पाकळी आणि पिनेचा, दुसरा पिन आणि काडीचा.

या व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात बुडाच्या काचेच्या जोडाला २०० अंश सेल्सिअसची मर्यादा दिलेली आहे. कथील-शिशाचे नेहमीचे ६३-३७ प्रमाणाचे सोल्डर वितळते १८३ अंशांवर. म्हणजे काच अजून सुखरूप असतानाच साधे सोल्डर पाझरू शकते. व्हॉल्व्ह जिवंत, पण त्याच्यापर्यंत जेवण पोचत नाही, अशी अवस्था.

आणि मूळ कारण? ब्लोअर. या व्हॉल्व्हला खालून सॉकेटमधून वर वारा हवा, नुसते फिलामेंट चालू असले तरीही. दादांच्या ब्लोअरच्या पात्यांवर बोटभर धूळ आणि पापुद्र्यासारखा तेलकट थर होता. पंखा फिरत होता, आवाज करत होता, वारा मात्र देत नव्हता. त्यांना नीट दिसत नव्हते आणि मी कधी झाकण उघडून पाहिले नाही.

दुरुस्ती सांगण्यासारखी फार नाही. पिन बारीक पॉलिश कागदाने उजळली. व्हॉल्व्ह मऊ पंचावर आडवा ठेवून, मोठ्या इस्त्रीने पिनेचे टोक झटपट तापवून कथील-चांदीचे सोल्डर भरले. ते २२१ अंशांवर वितळते, त्यामुळे थोडी अधिक सवड मिळते. फार वेळ तापवायचे नाही, नाहीतर उष्णता काचेपर्यंत चढते. सॉकेट नवे बसवले, कारण एकदा मऊ झालेली स्प्रिंग चिमटून घट्ट केली तरी तिचा भरवसा नाही. ब्लोअर धुतला, तेल दिले. सगळा खर्च सॉकेट धरूनही नव्या व्हॉल्व्हच्या पासंगाला पुरणार नाही इतका. फिलामेंट एक तास चालू ठेवले. पाकळी आणि पिनेमधला मीटर शून्याजवळून हलला नाही. तार शेवटपर्यंत पिवळसर शुभ्र.

म्हणजे व्हॉल्व्ह गेला नव्हता. कधीच गेला नव्हता. दादांची दोन वर्षे एका सैल पाकळीने आणि ज्वारीएवढ्या सोल्डरने खाल्ली, आणि माझ्या "सोडा हा नाद" ने. एक संध्याकाळ बसून मी ती वही वाचली असती तर 'पहिली दहा मिनिटे ठीक' ही ओळ तेव्हाही तिथेच होती. इतिहास शिकवणाऱ्याने मूळ कागद न वाचता ऐकीव निकालावर मान डोलवावी, याला काय म्हणावे? शाळेतही अशी किती प्रगतिपुस्तके मी भरली असतील. पहिली दहा मिनिटे ठीक असणारी मुले, आणि खाली माझा शेरा. पण तो विषय पुन्हा कधीतरी.

परवा पहाटे परवान्याच्या मर्यादेत शक्ती ठेवून चाळीस मीटरवर दादांचीच मोर्सची किल्ली घेऊन बसलो. दक्षिणेतल्या एका जुन्या दोस्ताने उत्तर दिले. एवढा खणखणीत कसा ऐकू येतोयस, असे त्याने विचारले. मी दादांचा कॉलसाईन आणि पुढे 'यांचा अँप्लिफायर' एवढेच टकटकवले. आमच्यात गेलेल्या माणसाला 'सायलेंट की' म्हणतात, शांत झालेली किल्ली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्याने सावकाश ७३ पाठवले. ते आमचे राम राम.

असो. झाकणाच्या आतल्या बाजूला मी आता एक चिठ्ठी चिकटवली आहे. दर दिवाळीला ब्लोअर साफ करणे. पिनांवरचे व्होल्ट मोजणे. बंद करताना आधी फिलामेंट आणि पाच मिनिटांनी ब्लोअर. माझ्यानंतर हा खोका ज्याच्या दारात जाईल, त्याने 'व्हॉल्व्ह गेला' असे म्हणण्याआधी एवढे वाचावे.